सुरकुत्यांचं 84 हजारांचं पॅकेज: एसआयपी थांबवून घ्यावं का?

प्रश्न: मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. वय 47, खासगी शाळेत शिक्षिका, हातात पगार 46,000. यजमानांचा धंदा आहे, पण उत्पन्न मागेपुढे होतं. घरखर्च महिना 38,000. दरमहा 5,000 ची एसआयपी आणि 1,20,000 ची एफडी आहे. कपाळावर, भुवयांच्या मधे आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या आहेत. डे क्रीम, नाइट क्रीम आणि कोलॅजन सीरम मिळून दर दोन महिन्यांना 4,399 रुपये जातात, फरक काही दिसत नाही. अलकापुरीतल्या एका क्लिनिकने वर्षाचं पॅकेज सांगितलं आहे: तीन वेळा बोटॉक्स, एक फिलर (त्वचेखाली भरायचं जेल), चार पील (रसायनाने त्वचेची वरची साल काढणं). 7,000 चे बारा हप्ते, 'शून्य व्याज'. रोख भरले तर 74,000. दुसरे एक त्वचारोगतज्ज्ञ बोटॉक्सचे युनिटला 350 रुपये सांगतात. डिसेंबरात भाच्याचं लग्न आहे. एसआयपी आणि क्रीम दोन्ही वर्षभर बंद केलं तर हप्ता बसतो. घेऊ का?

उत्तर: पॅकेज घेऊ नका. एसआयपी चालू ठेवा. क्रीमवर आज जे पैसे जातात, तेवढ्यातच लग्नाआधी बोटॉक्सही बसतं. कसं ते सांगतो.

आधी ते 'शून्य व्याज' पाहू. रोख 74,000 आणि हप्त्यांनी 84,000, म्हणजे दहा हजारांचा फरक. त्यालाच व्याज म्हणतात. दहा हजार भागिले 74,000 असं केलं की साडेतेरा टक्के वाटतात, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, वर्षभर सगळे 74,000 तुमच्याकडे नसतात. तो हिशेब धरला तर दर महिना 2 टक्के, वर्षाला 24 टक्के पडतो. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. शिवाय 84,000 मध्ये जीएसटी धरला आहे का, हे लेखी विचारा. आरोग्यसेवेला जीएसटीची जी सूट आहे, त्यातून सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळली आहे, आणि क्लिनिकं अशा उपचारांवर 18 टक्के लावत आली आहेत; आज कोणता दर लावतात तेही विचारा. धरला नसेल तर 18 टक्क्यांच्या दराने आणखी 15,120 रुपये, म्हणजे पॅकेज 99,120 ला गेलं.

हे कर्ज क्लिनिक देत नाही, वित्तकंपनी देते. क्लिनिकने दुसऱ्या सेशननंतर जागा बदलली, डॉक्टर सोडून गेले किंवा तुम्हालाच ते मानवलं नाही, तरी हप्ता चालूच राहतो, आणि चुकला तर सिबिलवर नोंद तुमच्या नावाने होते. कर्ज घ्यायचंच झालं तर सहीआधी केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट, कर्जाच्या अटींचा गोषवारा) नावाचा कागद मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने तो अशा कर्जांना बंधनकारक केला आहे. त्यावर एपीआर या रकान्यात सगळे आकार धरून खरा वार्षिक दर छापलेला असतो. 'शून्य व्याज' म्हणणाऱ्याच्या टेबलावर तो आकडा वाचायला मजा येते.

आता वस्तू काय आहे ते. आरशासमोर भुवया वर करा, मग चेहरा सैल सोडा. सैल सोडल्यावर जी रेघ पुसली जाते ती स्नायूंच्या हालचालीची, आणि बोटॉक्सचं काम तिथेच. ते स्नायूला काही महिने ढिला ठेवतं. सैल सोडल्यावरही जी रेघ राहते, ती त्वचेतच बसलेली. ती बोटॉक्सने थोडी फिकी होते, जात नाही. बोटॉक्सचा परिणाम तीन-चार दिवसांत सुरू होतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात आणि साधारण तीन ते चार महिन्यांत उतरतो. म्हणजे हे भाड्याचं घर. तीन सेशन संपली की तेराव्या महिन्यात तुम्ही आजच्याच जागी असाल, आणि एसआयपीत मात्र 60,000 ची खाच पडलेली असेल. दहा टक्के परतावा धरला (हमी नव्हे, अंदाज), तर ती खाच साठाव्या वर्षी जवळपास दोन लाखांची होते. अर्थात हा चक्रवाढीचा धाक मी जपूनच दाखवतो. त्याच न्यायाने नवरात्रातली चणियाचोळीही घ्यायला नको.

पॅकेजच्या कागदावर 'तीन सेशन' लिहिलं आहे, युनिट किती ते लिहिलेलं नाही. माझा मुख्य आक्षेप हाच. बोटॉक्स युनिटवर मोजतात. भुवयांमधल्या रेघांना प्रमाणित मात्रा 20 युनिट, कपाळाला 20, डोळ्यांच्या दोन्ही कडांना मिळून 24. तिन्ही जागा केल्या तर 64 युनिट, 350 च्या दराने 22,400 रुपये. फक्त भुवयांमधली जागा केली तर 7,000. क्लिनिकचं 'सेशन' यातलं नेमकं कोणतं?

औषध पावडरच्या रूपात येतं. 100 युनिटच्या बाटलीत अडीच मिली सलाइन घातलं की 0.1 मिलीत 4 युनिट होतात. भुवयांमधे पाच ठिकाणी 0.1 मिली, असे 20. त्याच बाटलीत पाच मिली सलाइन घालून पिचकारी तेवढीच भरली, तर तुम्हाला 10 युनिटच मिळतात आणि रेघ लवकर परत येते. म्हणून बाटली समोर उघडायला सांगा, बॅच नंबर आणि मुदत स्वतः पाहा, किती युनिट कुठे दिले ते बिलावर लिहून घ्या. डिस्पोर्ट (याच प्रकारच्या औषधाचा दुसरा ब्रँड) वापरत असतील तर त्याचे युनिट वेगळे: भुवयांमधल्या जागेला 50. बोटॉक्सच्या 20 शी ते पन्नास तोलू नका आणि दरही तोलू नका.

क्रीमच्या बाजूला तुमचे वर्षाला 26,394 रुपये जातात. कोलॅजनचा रेणू एवढा मोठा की तो त्वचेत शिरत नाही, वर बसून ओलावा धरतो. ते काम साधं मॉइश्चरायझरही करतं. बारीक सुरकुत्यांवर ज्याचा पुरावा भक्कम आहे ते क्रीम म्हणजे ट्रेटिनॉइन, आणि ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या. सयाजी रुग्णालयाच्या त्वचा ओपीडीत दाखवलंत तर तपासणीची फी जवळजवळ वाचेल, वेळ मात्र जाईल. ट्यूब हातात आली की घटक वाचा. ट्रेटिनॉइनबरोबर हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते डागांसाठीचं स्टेरॉइड असलेलं मिश्रण आहे. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. औषधाच्या दुकानात 'गोरेपणाची ट्यूब' म्हणून तीच पुढे करतात.

नुसत्या ट्रेटिनॉइनची सुरुवात 0.025 टक्क्याने, आठवड्यातून दोन-तीन रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं औषध सगळ्या चेहऱ्याला. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडा. दुसऱ्या आठवड्यापासून साल सुटते, चुरचुरतं. इथेच बहुतेक जणी ट्यूब फेकून देतात. फेकू नका, आठवड्यातल्या रात्रींची संख्या कमी करा. आणि वरच्या ओठाचं वॅक्सिंग सध्या बंद. ट्रेटिनॉइन लावलेल्या त्वचेवर वॅक्स ओढलं की कातडीच निघते. फरक तीन ते सहा महिन्यांनी दिसतो, म्हणून आत्ता जूनमध्ये सुरू केलंत तर डिसेंबर गाठता येईल.

सनस्क्रीनशिवाय हे सगळं पाण्यात. स्कूटीवर ओढणी बांधता ते चांगलंच, पण विणीतून ऊन शिरतं आणि अतिनील किरणांतले 'ए' प्रकारचे किरण वर्गाच्या काचेतूनही येतात. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढलेलं दिसलं नाही, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. मात्रा: तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा, चेहरा आणि मानेला. कंजूषपणे थेंबभर लावलं तर डब्यावरचा एसपीएफ 50 फक्त डब्यावरच राहतो.

आता वर्षाचा आकडा. सनस्क्रीनच्या 13 ट्यूब 450 प्रमाणे 5,850. ट्रेटिनॉइनच्या 5 ट्यूब 250 धरून 1,250. साधं मॉइश्चरायझर 2,400. खासगी डॉक्टरांच्या तीन भेटी 2,100. एकूण 11,600. आजच्या खर्चातून 14,794 वाचले. त्यात भुवयांमधल्या रेघांचं बोटॉक्स दोनदा होतं, 14,000 मध्ये. जीएसटी वेगळा लागून खर्च 14,794 च्या वर गेला तर दोनऐवजी एकदाच करा. वरचा एक रुपयाही एसआयपीतून येत नाही.

पहिलं इंजेक्शन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घ्या, लग्नाच्या तोंडावर नको. क्वचित पापणी खाली येते, ती आपोआप सुधारते पण काही आठवडे घेते, आणि फोटोत ती सुरकुतीपेक्षा जास्त दिसते. शनिवारी दुपारी वेळ घ्या. इंजेक्शननंतर चार तास आडवं पडायचं नाही, चेहरा चोळायचा नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा स्नायूंचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

फिलर वगळा. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही जागांना त्याची गरज नाही, आणि चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा सडण्यापासून दृष्टी जाण्यापर्यंतचे दुर्मीळ पण खरे धोके आहेत. पीलही नको. ट्रेटिनॉइन चालू असताना गव्हाळ त्वचेवर पील जोरात बसला की डाग पडतात, मग डागांचं वेगळं पॅकेज.

एफडी मोडायचा विचार मनात असेल तर तोही सोडा. 38,000 च्या घरखर्चाचे ते जेमतेम तीन महिने आहेत, आणि यजमानांचं उत्पन्न मागेपुढे होणारं. आरोग्य विम्यातून यातलं काही मिळणार नाही. सौंदर्योपचार जवळपास सगळ्या पॉलिसींत वगळलेले असतात, आणि काही बिघडलं तर दुरुस्तीचा खर्चही सहसा आपलाच.

कपाटात उरलेलं सीरम आणि नाइट क्रीम टाकून देऊ नका. ट्रेटिनॉइनच्या रात्री चेहऱ्याला नको, पण मानेला आणि हातांच्या पाठीला लावून संपवा. ते संपेपर्यंत साधं मॉइश्चरायझरही कमी लागेल.