चर्चमधल्या जुन्या वेदीवरचं सोनं उडालं असेल तर तिथे सोनेरी रंग का लावत नाहीत?

कारण तो काळवंडतो. बाजारातल्या सोनेरी रंगात बहुधा पितळेची पूड असते, ती हवेने तपकिरी, हिरवट पडते. सोनं तसं पडत नाही. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची मुख्य वेदी पाहिलीत तर फरक लगेच कळेल. पारंपरिक पद्धतीत लाकडी कोरीवकामावर आधी खडू-सरसाचे थर, वर तांबडी चिकणमाती, ती ओलावून सोन्याचा वर्ख, मग अकीक दगडाने घोटाई. वर्ख साधारण मिलिमीटरच्या 10,000व्या भागाइतका पातळ, आणि खालचा सरस पाण्याने सुटतो. म्हणून ओल्या फडक्याने कुणालाही पुसू देऊ नका, कृपा करून! जाणता कारागीर सुटलेले पापुद्रे आधी चिकटवतो, नवा वर्ख फक्त उडालेल्या जागी लावतो.