माथेरानला वयस्कर आई-बाबांना घेऊन, घोडा न करता दोन दिवस फिरता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: आई-बाबा दोघंही पासष्टीच्या पुढचे, बाबांचे गुडघे जरा कुरकुरतात, सोबत आठ वर्षांची मुलगी. डिसेंबरात दोन दिवस माथेरान. घोडा न करता जमेल का, आणि सगळे पॉइंट कसे बसवायचे?

जमेल. आणि सगळे पॉइंट बसवू नका. नकाशावर तीसहून जास्त नावं आहेत आणि त्यातली निम्मी एकाच दरीकडे, शंभर-दोनशे पावलांच्या अंतराने उभी आहेत. 'सात पॉइंट', 'बारा पॉइंट' ही मोजणी घोड्याच्या फेरीचा भाव सांगायला सोयीची आहे, बघणाऱ्याला तिचा उपयोग नाही. एक दिवस पश्चिमेचा कडा, एक दिवस पूर्व-दक्षिणेचा, एवढीच विभागणी करा.

गुडघ्यांची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नको. माथेरानचा माथा साधारण 800 मीटर उंचीवर आहे, पण वरून तो बऱ्यापैकी सपाट आहे. खाली काळा पाषाण आणि त्यावर जांभ्या दगडाची टोपी, अशी ही रचना. चढ जो काही आहे तो नेरळ ते दस्तुरी, म्हणजे मोटारी जिथवर जातात तो नाका, या घाटात, आणि तो गाडी चढते. वर गेल्यावर झाडांच्या सावलीतून लाल मातीचे रस्ते, मधेमधे सौम्य चढउतार. त्रास होतो तो पॉइंटच्या अगदी टोकाशी, जिथे वाट कड्याकडे उतरते आणि जांभ्याचे सुटे खडे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. तिथे बाबांनी काठी वापरावी, आणि शेवटचे वीस-पंचवीस फूट सोडून दिले तरी दृश्य तेच असतं.

पोहोचायचं कसं. मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ. पुण्याहून येत असाल तर कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल. नेरळ तिथून दुसरंच स्टेशन. नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळतात, त्या वीस-पंचवीस मिनिटांत दस्तुरी नाक्यावर सोडतात. पुढे मोटारी बंद. स्वतःची गाडी आणणार असाल तर हा घाट नवशिक्याच्या हाती देऊ नका. वळणं आखूड आणि चढ उभा, त्यामुळे वळणावरच गाडी थांबवावी लागते, आणि अर्धा क्लच धरून ठेवणाऱ्यांच्या गाडीतून जळका वास येऊ लागतो. चढताना समोरच्या गाडीत आणि आपल्यात अंतर ठेवा, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये न थांबता निघता येतं. उतरतानाही पहिला-दुसरा गिअरच. ब्रेक दाबून दाबून उतरलात तर ते तापतात आणि खाली नेरळ दिसायला लागतं तेव्हाच ढिले पडतात. शनिवार-रविवार, आणि त्यातही जोडून आलेल्या सुट्टीला, दस्तुरीचं पार्किंग लवकर भरतं आणि गाड्यांची रांग घाटात उतरते. सोमवार ते गुरुवारमधले दोन दिवस काढता आले तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

छोटी गाडी मुलीसाठी हवीच असणार. 1907 साली सुरू झालेला हा दोन फुटी रूळमार्ग नेरळपासून वरपर्यंत सुमारे 21 किलोमीटर आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि मग माथेरान. पूर्ण प्रवासाला अडीच तासांहून जास्त लागतात, फेऱ्या मोजक्या, जागा कमी. आई-बाबांना एवढा वेळ त्या अरुंद बाकावर बसवण्यापेक्षा टॅक्सीने दस्तुरीला या आणि तिथून चार-पाच मिनिटांवरच्या अमन लॉजला शटल पकडा. तीच गाडी, तेच रूळ, शेवटचे तीन किलोमीटर. मुलीचं समाधान होतं आणि पाठीही शाबूत राहतात. शटल भरलेली असेल तर दोन पर्याय उरतात. ई-रिक्षा आहेत, पण मोजक्याच. गर्दीच्या दिवशी रांग लावायची तयारी ठेवा. नाहीतर चालत बाजारापर्यंत पाऊण ते एक तास. चालायचं ठरलं तर मुख्य रस्ता धरा. रुळांवरून जाणारे बरेच दिसतील, ती वाट सपाटही आहे, पण खडीत पाय मुरगळतो आणि गाडी आली की काही ठिकाणी बाजूला व्हायला जागा नसते. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं आहे, तेव्हा बाबांसाठी ती धरून बेत आखू नका.

सामानाचं एक. चाकांची बॅग इथे ओझंच होते: मातीत चाकं रुततात आणि उरलेल्या रस्त्यावर खडखडत मागे येतात. पाठीवरच्या सॅक आणा, नाहीतर दस्तुरीलाच हमाल करा आणि हॉटेलचं नाव सांगून दर आधी पक्का करा. रोख पैसे आणि सुट्टे जवळ ठेवा, नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे देणं अडतं. वरचा गॅस, किराणा, पाण्याच्या बाटल्या हे सगळं मोटारीशिवाय, घोड्याच्या पाठीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून येतं. चहाला खालच्यापेक्षा दोन पैसे जास्त पडले तर वाद घालू नका.

दस्तुरीला उतरल्या उतरल्या तुमच्याभोवती घोडेवाल्यांचं कडं पडेल. 'हॉटेल लांब आहे, चालून होणार नाही, आजोबांना कसं न्याल.' हॉटेलला आधीच फोन करून बाजारापासून किती मिनिटं हे विचारून ठेवलं असेल तर नुसतं मान हलवून पुढे जाता येतं. राहायचं मात्र बाजाराच्या जवळच घ्या. दरीकडचा बंगला फोटोत छान दिसतो, पण रात्री जेवून परत जायचं तर दिव्याशिवायचा रस्ता असतो. जेवणासकट राहण्याची पद्धत इथे जुनी आहे आणि मुलं-म्हातारी सोबत असताना तीच सोयीची.

पहिला दिवस. अकरापर्यंत पोहोचलात तर जेवून दुपारी सरळ झोपा. दुपारी दरीत धूसर असतं, कडा सपाट दिसतो, फोटोही पांढरट येतात. साडेतीनला निघून शार्लोट तलाव. बाजारातून सुमारे दोन किलोमीटर. काठावर पिसरनाथाचं देऊळ आहे, ते इथलं ग्रामदैवत, आणि आईला टेकायला बरी जागा. तलावात पाय सोडू नका, ते गावाच्या पिण्याचं पाणी आहे. तलावाला लागूनच लॉर्ड पॉइंट आणि पुढे एको पॉइंट. एकोला मुलीला ओरडू द्या, पण एकच अक्षर, तोडून: 'ए!' आणि थांबायचं. लांबलचक नाव घेतलं की पहिलं अक्षर परत येईपर्यंत तिचं शेवटचं तोंडातच असतं आणि प्रतिध्वनी ऐकूच येत नाही. तिथून लुईझा पॉइंट. समोर प्रबळगड आणि त्याच्या शेजारचा कलावंतिणीचा सुळका. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा साडेपाचला तिथे पोहोचा. पॉर्क्युपाइनला सूर्यास्ताची जत्रा असते. लुईझावर त्याच पश्चिमेचं आकाश मिळतं आणि बसायला जागाही. हॉटेलपर्यंतची ही सगळी फेरी सुमारे सहा किलोमीटर होते, थांबत थांबत तीन तास. माणशी एक टॉर्च घ्या, मोबाइलचा नको. झाडांच्या छताखाली सूर्य बुडाल्यावर पंधरा मिनिटांत मिट्ट काळोख होतो, आणि मोबाइलच्या पसरट उजेडात रस्त्यात वर आलेली मुळं दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सूर्योदय. सगळे पॅनोरमा सांगतील. तो उत्तरेच्या टोकाला आहे, बाजारातून पाचेक किलोमीटर, म्हणजे सातच्या सूर्योदयासाठी काळोखात साडेपाचच्या आधी निघणं आलं. तुमच्या मंडळींसाठी ते चूक. बाजारापासून हाकेच्या अंतरावर, पूर्वेलाच तोंड करून खंडाळा पॉइंट आहे. पावणेसातला शाल गुंडाळून निघा, सूर्य बघा, साडेसातला चहाला परत. मग सावकाश नाश्ता करून अलेक्झांडर पॉइंट, रामबाग आणि लिटल चौक असा दक्षिणेचा फेरा. पायांत दम उरला तर वन ट्री हिल. त्याच्या शेजारून शिवाजीची शिडी म्हणतात ती वाट चौकच्या बाजूला उतरते. ती बघायची, उतरायची नाही. उतरताना सोपी वाटते आणि चढून परत यायला दुप्पट वेळ घेते.

याच फेऱ्यात सकाळी आठ-नऊच्या सुमारास झाडांच्या शेंड्याकडे लक्ष ठेवा. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या दाटीत उंचावर काटक्या-पानांचा फुटबॉलएवढा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं. एकेक शेकरू अशी बरीच बांधतं, त्यामुळे रिकामंही असेल. शेकरू आधी ऐकू येतं, करकर तोडल्यासारखा भरभर आवाज. मग थांबायचं, बोट दाखवायचं नाही. दोन-तीन मिनिटांत तांबूस पाठ आणि लांब झुपकेदार शेपटी एका फांदीवरून दुसरीवर जाताना दिसते. वीस जणांच्या घोड्यांच्या तांड्यात हे कधीच दिसत नाही. चाला म्हणतो ते यासाठीच.

माकडांचं. त्यांना खाण्याच्या वासाआधी प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुर कळते. हातात पिशवी नको, चिक्की कापडी पिशवीत आणि ती सॅकच्या आत. खाणं ओढलंच तर सोडून द्या, ओढाताणीत चावा बसतो. मुलीला नीट सांगून ठेवा: डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, दात दाखवून हसायचं नाही. खोलीच्या खिडकीला कडी लावा, नुसती ओढून घेतलेली ती उघडतात.

पॅनोरमा बघायचाच असेल तर तिथे मात्र घोडा करा, सकाळच्या चहानंतर, सूर्योदयाचा हट्ट सोडून. खाली नेरळ आणि घाटातल्या रुळांच्या वेलांट्या दिसतात, शेजारी पेबचा किल्ला. दरफलक बघून आणि 'जाऊन-येऊन, थांबण्याचा वेळ धरून' असं बोलून ठरवा. भांडणं बहुतेक परतीच्या पैशावरून होतात. बसण्याआधी तीन गोष्टी बघा. खोगिराखालचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळलेला पट्टा, घट्ट आहे का: दोन बोटं कशीबशी शिरली पाहिजेत, अख्खा पंजा गेला तर खोगीर कलतं. रिकिबीची, म्हणजे पाय ठेवायच्या कडीची लांबी: बगलेत धरली तर हाताच्या बोटांपर्यंत पोहोचावी. आणि घोड्याच्या पाठीवर, खोगिराच्या कडेला जखम असेल तर तो घोडा घेऊ नका. रिकिबीत पायाचा फक्त पुढचा भाग, टाच खाली. पाय आतपर्यंत सरकला आणि माणूस पडला तर तो त्यात अडकून फरफटतो. मुलीला शिरस्त्राण मागा आणि घोडेवाल्याने लगाम हातात धरून चालतच न्यायचं, पळवायचं नाही, हे त्याच्या तोंडावर सांगा. बाबांना चढता-उतरताना दगडी ओटा शोधा, जमिनीवरून टांग टाकणं हे गुडघ्याला पाच किलोमीटर चालण्याहून वाईट.

बूट जुने आणि गडद घाला. इथली धूळ पांढऱ्या बुटावरून आणि मोज्यांवरून पूर्ण जात नाही.

खाण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. भाजलेलं कणीस, काकडी, पेरू-आवळा तिखटमीठ लावून, वडापाव. सगळं पॉइंटवर मिळतं. खरा रानमेवा डिसेंबरात नसतो. एप्रिल-मेमध्ये वाडीवरच्या बायका करवंदं, आणि पुढे जांभळं, पानाच्या द्रोणात घेऊन बसतात, त्यासाठी वेगळी खेप करावी लागेल.

चिक्की मात्र डिसेंबरातच घ्यावी. गुळाचा पाक हवेतली ओल ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात सुटी घेतलेली चिक्की घरी पोहोचेपर्यंत लोळते. दुकानदाराकडून तुकडा मागून घ्या. टक् असा आवाज होऊन मोडली पाहिजे. वाकली तर पाक कच्चा उतरवलाय, आणि ती दाढेला चिकटणार. कडवट लागली तर पाक जळलाय. शेंगदाणा आतून फिका असेल तर भाजणी कमी, तो महिन्याभरात खवट होतो. पाव किलोची तीन पाकिटं एका किलोच्या पाकिटापेक्षा बरी, एकदा फोडलं की आठवड्यात संपवावं लागतं.

चामड्याच्या चपला घ्यायच्या तर दुसऱ्या दिवशी, फिरून पाय थोडे सुजलेले असताना घाला, आणि तेव्हाही किंचित घट्ट वाटेल असाच जोड घ्या. चामडं सैल होतं, पट्टा मागाहून आवळता येत नाही. तळाची शिवण कडेपर्यंत गेलीय ना ते उलटी करून पाहा. आणि तो नवा जोड तिथेच घालून दस्तुरीपर्यंत चालू नका, अंगठ्याला फोड येईल.

परतीला दुपारी तीनच्या आत दस्तुरी सोडा. नेरळला संध्याकाळी मुंबईकडे जाणारी लोकल कर्जतहूनच भरून येते आणि आई-बाबांना उभं राहावं लागतं. तशी वेळ आलीच तर उलट्या दिशेने कर्जतला जाऊन तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये जागा धरा. तिकीट मात्र त्याप्रमाणे काढा, नेरळ ते कर्जत आणि कर्जतहून पुढचं.