आपले प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : दुर्बिणीतून सांध्याची शस्त्रक्रिया

प्रश्न : माझे वय ५६ असून मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या दिवाळीपासून उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. जिना उतरताना आणि जमिनीवरून उठताना त्रास वाढतो. पडणे-झडणे काही झालेले नाही. एमआरआयमध्ये ‘आतील गादीला मागच्या बाजूस चीर व सौम्य झीज’ असे आले आहे. दुर्बिणीतून फाटलेला तुकडा काढून टाकावा, संध्याकाळी घरी जाता येईल आणि तसे न केल्यास गुडघा लवकर खराब होईल, असे मला सांगण्यात आले आहे. मी काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आपण दिलेल्या माहितीवरून तरी ही शस्त्रक्रिया आपण आत्ता करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे नीट समजावून घ्यावीत, म्हणजे पुढचे बोलणे आपल्याला आपल्या डॉक्टरांशी विश्वासाने करता येईल.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना चंद्रकोरीच्या आकाराची एकेक कूर्चेची गादी असते. शरीराचा भार झेलून तो पसरवून देणे हे तिचे काम. वयानुसार ही गादी कोरडी आणि ठिसूळ होत जाते आणि कोणतीही दुखापत न होताही तिला चिरा पडतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावातील पन्नाशीपुढच्या सुमारे एक हजार लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. गादी फाटलेली असलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्यात दुखणे किंवा आखडणे यांपैकी काहीही जाणवलेले नव्हते. म्हणजे अहवालातील चीर खरी असली, तरी आपले दुखणे तिच्यामुळेच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

मग ती चीर काढल्याने फरक पडतो का, हेही काटेकोरपणे तपासले गेले आहे. फिनलंडमधील संशोधकांनी ३५ ते ६५ वयाच्या, झिजेमुळे गादी फाटलेल्या परंतु सांध्याची मोठी झीज नसलेल्या १४६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटात गादीचा फाटलेला भाग खरोखर काढला; दुसऱ्या गटात दुर्बीण आत घालून केवळ पाहणी केली आणि गादीला हात लावला नाही. आपण कोणत्या गटात आहोत, हे रुग्णांना माहीत नव्हते. वर्षभरानंतर दोन्ही गटांना सारखाच आराम पडलेला होता. हे निष्कर्ष २०१३ सालचे आहेत. त्याआधी २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे झालेल्या १८० रुग्णांच्या चाचणीत, झिजलेला गुडघा दुर्बिणीतून धुण्याचा व साफ करण्याचाही लटक्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक उपयोग दिसला नव्हता. या सर्व पुराव्यांच्या आधारे २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने झिजेच्या गुडघेदुखीसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

‘शस्त्रक्रिया केली नाही तर गुडघा खराब होईल’ ही जी भीती आपल्याला घातली गेली, तिचे मला मनापासून वाईट वाटते. कारण वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट आहे. गादी काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत पुढे झिजेच्या खुणा दिसू लागतात, हे फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदांनी १९४८ सालीच नोंदवून ठेवले आहे. अर्ध्या-एक सेंटीमीटरची दोन छिद्रे, चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आणि त्याच दिवशी घरी, हे सगळे खरे आहे. परंतु जखम लहान आहे म्हणून निर्णय लहान ठरत नाही. जंतुसंसर्ग किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे हे धोके क्वचित उद्भवतात, पण ते नाहीतच असे नव्हे.

याऐवजी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडीच्या पुढच्या व नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम किमान तीन महिने नेमाने करावेत. आठवडाभर करून ‘गुण नाही’ म्हणून सोडू नयेत. स्नायूंना बळ यायला वेळ लागतोच. वजन जास्त असल्यास ते कमी करावे, कारण वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. जमिनीवर बसणे काही काळ टाळावे. मात्र गुडघा मध्येच अडकून पूर्ण सरळच होईनासा झाला, तर विलंब न करता पुन्हा दाखवावे. सुटलेला तुकडा सांध्यात अडकला असेल, तर विचार वेगळा करावा लागतो.

प्रश्न : माझा २१ वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो. चढाई करताना पाय वळला, ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांतच गुडघा सुजला. आता सूज गेली, पण वळताना गुडघा सटकतो. पुढचे लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध) पूर्ण तुटले असून गादीही फाटली आहे, असे निदान आहे. त्यालाही व्यायामच पुरतील का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : वरचे उत्तर आपल्या मुलाला लागू करू नये. ही ताज्या दुखापतीने निरोगी ऊतींची झालेली फाटाफूट आहे. पूर्ण तुटलेले पुढचे लिगामेंट सहसा आपोआप पूर्ववत जुळत नाही. साधे चालणे-फिरणे असणाऱ्या अनेकांचे केवळ व्यायामावर निभते. परंतु कबड्डीत क्षणोक्षणी दिशा बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी गुडघा सटकला की गादीची आणखी हानी होते. त्यामुळे दुर्बिणीतून लिगामेंट नव्याने बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला येथे योग्य ठरतो. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) घेऊन, हाडांत बोगदे करून नवे लिगामेंट बसवले जाते. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. चीर तेथे असेल तर गादी कापण्याऐवजी शिवता येते. ती शिवता येईल का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच आवर्जून विचारावे. सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावरच शस्त्रक्रिया करावी, अन्यथा तो आखडण्याची भीती असते. नऊ महिने होण्याआधी आणि स्नायूंच्या ताकदीची चाचणी झाल्याशिवाय त्याला मैदानावर उतरू देऊ नये, मग समोर कितीही मोठी स्पर्धा असो. घाईने परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळते.

प्रश्न : माझ्या पत्नीचा एकच गुडघा सहा महिन्यांपासून सुजलेला आहे. संधिवाताच्या रक्तचाचण्यांतून काही निष्पन्न झाले नाही. ‘दुर्बिणीतून पाहून तुकडा तपासायला पाठवू’ असे डॉक्टर म्हणतात. एमआरआय झाला असताना याची गरज आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. केवळ निदानासाठी दुर्बीण घालण्याची वेळ एमआरआयमुळे आता क्वचित येते, पण आपल्या पत्नीचा आजार त्या क्वचितांपैकी आहे. एकाच सांध्याला दीर्घकाळ सूज असेल, तर आपल्या देशात क्षयाची शंका घ्यावीच लागते आणि तिचा निकाल सांध्याच्या अस्तराचा तुकडा तपासूनच खात्रीने लागतो. टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशय पाहण्याची नळी घालून या तंत्राचा पाया घातला, तोही गुडघ्याच्या क्षयाचे निदान लवकर व्हावे या तळमळीपोटी. क्षयाने गुडघा आखडला की जमिनीवर बसणे संपते, आणि जपानी घरात, आपल्या घरांप्रमाणेच, ते मोठे अपंगत्व होते.

तुकडा घेण्यापूर्वी डॉक्टरांना एक विनंती जरूर करावी. एक नमुना फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात) सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी आणि दुसरा फॉर्मॅलिनशिवाय, निर्जंतुक बाटलीत, जंतूंच्या कल्चरसाठी व क्षयाच्या जनुकीय चाचणीसाठी पाठवावा. फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत आणि कोणती औषधे लागू पडतील हे कळण्याची संधी हुकते. क्षय निघालाच, तर औषधे अनेक महिने, दुखणे थांबल्यावरही, डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालू ठेवावी लागतील. दरम्यान ताप येऊन गुडघा लाल व गरम झाला आणि हलवणेही अशक्य झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. पू झालेल्या सांध्यातील कूर्चा काही दिवसांतच नष्ट होऊ शकते आणि अशा वेळी सांधा तातडीने धुऊन काढावा लागतो.