ग्लुकोमीटरप्रमाणे इतर तपासण्याही रक्ताच्या एका थेंबात का होत नाहीत?

रक्तातील साखर घरबसल्या पाच सेकंदांत मोजता येते, तर हृदयविकाराच्या किंवा संसर्गाच्या तपासण्या त्याच विद्युत्-रासायनिक तंत्राने, म्हणजे रासायनिक अभिक्रियेतून निघणारा विद्युत्प्रवाह मोजून, का होत नाहीत, आणि अशा मोजणीची साधने म्हणजे बायोसेन्सर या विषयात पीएचडी करावी का, असे आपण विचारले आहे. या विषयात मी पाच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे हे उत्तर लांबेल आणि ते निःपक्षपाती असेल याची हमी मी देत नाही.

ग्लुकोमीटरच्या यशात बराच वाटा ग्लुकोजचा स्वतःचाच आहे. रक्तात ते लिटरमागे सुमारे ५ मिलिमोल, म्हणजे मुबलक असते. त्याचे ऑक्सिडीकरण घडवणारे ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) इतके चिवट आहे की स्ट्रिपवर वाळवून ठेवले तरी महिनोन्‌महिने टिकते. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी विकर व इलेक्ट्रोड यांची सांगड घालण्याची कल्पना मांडली, १९८४ मध्ये ऑक्सिजनऐवजी फेरोसीन या लोहयुक्त संयुगामार्फत इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवता येतात हे दाखवले गेले, आणि १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचा मीटर बाजारात आला. याउलट, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगणारे ट्रोपोनिन रक्तात ग्लुकोजच्या तुलनेत काही अब्ज पटींनी कमी असते. शिवाय प्रतिपिंडाने ट्रोपोनिन पकडले तरी त्या पकडण्यातून एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही. विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड लावावे लागते, न चिकटलेले धुऊन काढावे लागते आणि मगच प्रवाह मोजता येतो. हे धुणे कोणी आणि कुठे करायचे, या प्रश्नापाशी बहुतेक प्रकल्प अडतात. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर खरे तर इथेच संपते, परंतु जे पुस्तकात सापडणार नाही ते पुढे आहे.

माझा विषय युरिक ॲसिडचा होता. कार्बन नॅनोट्यूबचा थर दिलेल्या इलेक्ट्रोडवर त्याचे थेट ऑक्सिडीकरण करून प्रवाह मोजायचा, एवढे साधे काम. फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणात, आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ येत असे. माझ्या मार्गदर्शकांना मात्र एकाच आकड्याचा ध्यास होता, तो म्हणजे शोधमर्यादेचा; किती कमी प्रमाण ओळखता येते, यावर शोधनिबंध कोणत्या नियतकालिकात लागेल हे ठरते, असे ते उघडपणे म्हणत. दोन वर्षे राबून आम्ही लिटरमागे १० नॅनोमोलपर्यंत उतरलो. माणसाच्या रक्तात युरिक ॲसिड साधारण २०० ते ४०० मायक्रोमोल असते, म्हणजे आमच्या मर्यादेच्या किमान वीस हजार पट, ही गोष्ट मी एका बैठकीत बोलून दाखवली तेव्हा शांतता पसरली आणि विषय बदलला गेला.

तिसऱ्या वर्षी, रीतसर परवानगी घेऊन, तपासणीनंतर उरलेले निनावी सीरमचे (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचे) नमुने मिळाले. पहिल्याच नमुन्यात प्रवाहाच्या आलेखातील अपेक्षित शिखर जेमतेम निम्म्या उंचीचे आले आणि तिसऱ्या स्कॅनपर्यंत ते सपाट झाले. सीरममध्ये लिटरमागे ३५ ते ५० ग्रॅम अल्ब्युमिन हे प्रथिन असते. ते इलेक्ट्रोडवर चिकटून बसते आणि इतर रेणूंची वाट अडवते. त्यात ॲस्कॉर्बिक ॲसिडचेही (क जीवनसत्त्वाचेही) ऑक्सिडीकरण जवळपास त्याच व्होल्टेजला होत असल्यामुळे उरलेला प्रवाह नक्की कोणाचा, हेही सांगता येत नव्हते. मार्गदर्शकांनी सुचवले की सीरम बफरने शंभरपट पातळ करावे, त्यात ठरावीक युरिक ॲसिड बाहेरून मिसळावे आणि मिसळलेले किती परत मोजले जाते ते नोंदवावे. तसे केल्यावर ९८ ते १०२ टक्के असे देखणे आकडे आले. मी विचारले की बोट टोचून घेणारा माणूस आपले रक्त शंभरपट पातळ कसे करणार, त्याच्या घरी पिपेट असते का? त्यावर मिळालेले उत्तर मला आजही शब्दशः आठवते : ‘ते कंपन्या पाहतील, आपण विज्ञान करतो.’

त्यानंतरचे आठ महिने मी जवळजवळ चोरून काम केले. प्रथिने चिकटणे थांबवता येत नाही, पण दर वेळी ते सारखेच होऊ देता येते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. म्हणून प्रत्येक इलेक्ट्रोड एकदाच वापरायचा, नमुना स्पर्शल्यापासून बरोबर दहाव्या सेकंदाला मोजायचे आणि शेजारच्या दुसऱ्या इलेक्ट्रोडवर युरिक ॲसिड नष्ट करणारे युरिकेज विकर ठेवून तिथे उरलेला प्रवाह मुख्य प्रवाहातून वजा करायचा, अशी मांडणी केली. पातळ न केलेल्या दहा नमुन्यांपैकी आठांचे आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यांच्या १५ टक्क्यांच्या आत आले. हे काही फार मोठे यश नव्हे. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत, १०० मिग्रॅ प्रति डेसिलिटर किंवा त्यापेक्षा जास्त साखर असताना, ९५ टक्के मोजण्या १५ टक्क्यांच्या आत असाव्या लागतात. तरीही माझ्या प्रबंधातील खरा उपयोगाचा भाग तेवढाच होता, असे माझे ठाम मत आहे. तो परिशिष्टात गेला. शोधनिबंधात शोधमर्यादा गेली, आणि शीर्षकात ‘अतिसंवेदनशील’ हे विशेषण.

अशा अडथळ्यांना किरकोळ समजणाऱ्यांनी एक उदाहरण लक्षात ठेवावे. काही ग्लुकोज-स्ट्रिपमधील पीक्यूक्यू या साहाय्यक रेणूवर चालणारे डिहायड्रोजनेज विकर माल्टोज या दुसऱ्या साखरेलाही ग्लुकोज समजत असे. पोटातील डायलिसिससाठी आयकोडेक्स्ट्रिन हा पिष्टापासून बनवलेला पदार्थ वापरणाऱ्या रुग्णांच्या रक्तात माल्टोज वाढते. त्यामुळे मीटर साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवी, इन्सुलिन अधिक दिले जाई, आणि त्यातून मृत्यूही झाले. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. त्या स्ट्रिपमध्ये संवेदनशीलतेची उणीव मुळीच नव्हती.

तेव्हा पीएचडी करायचीच असेल, तर मार्गदर्शक निवडताना त्यांचे शेवटचे पाच शोधनिबंध काढा आणि न पातळ केलेल्या रक्तातील एक तरी आलेख त्यात आहे का ते पाहा. नसेल, तर प्रयोगशाळा कितीही नामांकित असली तरी तिथे जाऊ नका. संशोधनाच्या पहिल्याच महिन्यात कोरा इलेक्ट्रोड तासभर सीरममध्ये बुडवून ठेवा आणि नंतर त्याचा प्रतिसाद मोजा. पुढची दोन वर्षे कशावर खर्च करायची ते त्यावरून कळेल.

दोन गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. शोधमर्यादा कमी असल्यामुळेच नमुना पातळ करता येतो आणि पातळ केल्याने प्रथिनांचा त्रास घटतो, हा माझ्या मार्गदर्शकांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. ते पातळ करणे स्ट्रिपच्या आतच घडवता आले, तर माझा आक्षेप उरत नाही. शिवाय ट्रोपोनिन या तंत्राने मोजताच येत नाही असे नाही. आय-स्टॅटसारख्या हातात मावणाऱ्या यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये धुण्याचे द्रव आधीच भरलेले असते आणि साधारण दहा मिनिटांत आकडा मिळतो. फक्त ते कार्ट्रिज उघडून पाहिले, तर त्यातील बहुतेक जागा नळ्या, कप्पे आणि द्रवाच्या पिशवीने व्यापलेली दिसते. ज्यावर आमचे पाचही शोधनिबंध निघाले, तो संवेदक त्यात नखाएवढ्या जागेत बसतो.