वाक्य बदलायचं ते ग्लासाकडे बघून

प्रश्न : मी चौथीच्या वर्गाला भाषा आणि विज्ञान हे दोन्ही विषय शिकवते. प्रयोगाबद्दल मुलं हौसेने लिहितात, पण ‘आता वाचून सुधारा’ म्हटलं की ‘बाई, झालं माझं’ म्हणत वही मिटतात. फारच मागे लागले तर एखादी वेलांटी बदलतात. थंड पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात, तो प्रयोग केला तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं, ‘ग्लासातलं पाणी हळूहळू बाहेर आलं.’ मी लाल पेनाने बरोबर उत्तर लिहिलं, त्यांनी ते उतरवून घेतलं. लिखाण सुधारलं नाही आणि विज्ञान कळलं असंही वाटत नाही. काय करू?

उत्तर : बाई, मुलांच्या लेखी ते खरंच ‘झालेलं’ असतं. वाक्य बदलायचं कारण वहीत सापडत नाही, ते टेबलावर असतं. आणि आपण टेबल आवरून, पुसून घेतलं की मग वह्या काढायला सांगतो! सामान समोर राहू द्या.

‘पाणी बाहेर आलं’ हे वाक्य मला तरी आवडलं. चूक आहे, पण तपासून बघता येईल अशी चूक आहे. ‘बाष्पाचे सांद्रीभवन झाले’ (म्हणजे हवेतल्या वाफेचं थंड काचेवर पाणी झालं) हे उतरवून घेतलेलं वाक्य बरोबर असलं तरी मुलाला त्याचं काहीच करता येत नाही, कारण ते त्याचं नाही. तेव्हा लाल पेन ठेवा आणि विचारा : पाणी आतून येत असेल, तर आत निळी शाई घातल्यावर बाहेरचे थेंब कोणत्या रंगाचे दिसतील? अंदाज आधी लिहून घ्या. मग एका ग्लासात निळं पाणी आणि बर्फ, वर झाकण. शेजारच्या ग्लासात तसंच निळं पाणी, पण बर्फाविना. थोड्या वेळाने पांढऱ्या टिपकागदाने थेंब टिपा. कागदाला निळा रंग लागत नाही, आणि दुसरा ग्लास बाहेरून कोरडाच असतो. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा मिळाला तर झाकलेला थंड ग्लास त्यावर ठेवा. वजन वाढतं. आतलंच पाणी बाहेर आलं असतं तर ते वाढायचं कारण नव्हतं. (हवा फार कोरडी असेल तर थेंब धरत नाहीत, म्हणून दमट दिवस गाठा.) ‘मग हवेतून आलं का?’ हा प्रश्न वर्गातूनच येतो. जरा वाट बघा, तुम्ही आधी बोलू नका.

आता वही उघडायची. खोडरबर मात्र बंद. जुन्या वाक्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी नवं वाक्य आणि तारीख. प्रयोगशाळेतल्या नोंदवहीचाही हाच शिरस्ता आहे. आधी काय वाटत होतं आणि कशामुळे बदललं, हे दोन्ही एका पानावर राहतं. मी तर वह्या तपासताना अशी रेघ मारलेली पानं आधी शोधायचे.

दुसरी युक्ती कृती लिहिण्यासाठी. वह्या अदलाबदल करा. वाचणाऱ्याने लिहिलंय तेवढंच करायचं, लिहिणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. माझ्या वर्गात एकाने ‘मग शाई घाला’ एवढंच लिहिलं होतं. मैत्रिणीने अख्खी दौत उपडी केली. ‘दोन थेंब’ हे त्याने मला न विचारता लिहिलं. टेबल निळं झालं, पण ते परवडलं.

मोठ्यांचं उदाहरण हवंच असेल तर डार्विन सांगा. उत्क्रांतीवरचं त्याचं पुस्तक ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ 1859 मध्ये छापून आल्यावरही तो त्यात बदल करत राहिला. 1872 पर्यंत सहा आवृत्त्या झाल्या. त्याच्या नावाशी जोडले गेलेले ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ (जो परिस्थितीला सर्वांत योग्य, तो टिकतो) हे शब्द पहिल्या आवृत्तीत नव्हतेच, ते 1869 च्या पाचव्या आवृत्तीत आले, आणि तेही हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वज्ञाकडून घेतलेले. हे ऐकून कुणी लगेच पेन उचलत नाही, पण खाडाखोडीची लाज कमी होते.

प्रश्न : आठ वर्षांची मुलगी निरीक्षणवही लिहीत असताना मी शेजारी बसून शुद्धलेखनाच्या चुका सांगते. ती चिडते. चुका तशाच राहू द्यायच्या का?

उत्तर : सध्या तिथून उठा! लिहून झालं की तिलाच मोठ्याने वाचायला सांगा. तुटलेलं वाक्य जिभेला अडखळतं, ते तिला आपोआप कळतं. तुम्ही एकच विचारा, ‘हे तुला दिसलं की वाटलं?’ ‘रोप खूप वाढलं’ असं लिहिलं असेल तर पट्टी हातात द्या आणि गप्प बसा. ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी बघायचं, आणि तेही जे पान दुसऱ्या कुणाला वाचायला द्यायचं असेल त्यापुरतंच.