आरोपपत्रात फोनवरचं बोलणं आहे, पण टॅपिंगचा आदेश कुठे आहे?

प्रश्न : मी कोपरखैरण्यात राहतो, छोटी कंत्राटं घेतो. एका अधिकाऱ्याला लाच देऊ केल्याच्या गुन्ह्यात मी आरोपी आहे. ठाण्याच्या विशेष न्यायालयातून गेल्या आठवड्यात आरोपपत्राच्या प्रती मिळाल्या. त्यात माझ्या मोबाइलवरच्या संभाषणांचे उतारे आहेत. हा खासगीपणाच्या हक्काचा भंग नाही का? सरकारी पाळतीविरुद्ध जनहित याचिका करू का?

उत्तर : जनहित याचिका नको. सीएमएस (फोन-इंटरनेटवर नजर ठेवणारी केंद्राची यंत्रणा), नॅटग्रिड (सरकारी खात्यांची माहिती जोडणारं जाळं) यांसारख्या सरसकट पाळतीच्या यंत्रणांना आव्हान देणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयात २०२० सालीच दाखल झाली आहे. तुमचं भांडण एका विशिष्ट आदेशाशी आहे.

आधी हे संभाषण कुणी टिपलं ते पाहा. तक्रारदाराने पंचांसमोर व्हॉइस रेकॉर्डर लावून तुमच्याशी केलेलं बोलणं म्हणजे टॅपिंग नव्हे. तिथे खासगीपणाचा मुद्दा फार लंगडा पडतो. बरेच आरोपी इथेच गल्लत करतात. मोबाइल कंपनीकडून लाइन घेऊन ऐकलं असेल, तर मात्र गृह सचिवांचा लेखी आदेश लागतो.

तो आदेश प्रतींमध्ये नसेल तर विशेष न्यायालयात अर्ज करून मागा. सोबत टॅपिंगचे आदेश तपासणाऱ्या आढावा समितीची नोंद, मूळ ऑडिओची क्लोन (हुबेहूब) प्रत आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला की बदलणारा अंक-अक्षरांचा ठसा) असलेलं प्रमाणपत्रही मागा. नुसत्या टाइप केलेल्या उताऱ्यावर समाधान मानू नका. माहिती अधिकाराच्या वाटेला जाऊ नका, अपवादांचं कलम ८ दाखवून नकार येतो आणि दिवस जातात.

आदेश हाती आला की तारखा जुळवा. एक आदेश जास्तीत जास्त ६० दिवस चालतो, मुदतवाढी धरून एकूण १८०. प्रत्येक कॉलची तारीख या चौकटीत बसते का? तातडीने आधी ऐकून मागाहून मंजुरी घेतली असेल, तर ती ७ कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी. टॅपिंगबाबतच्या ६ डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांनुसार ती न मिळाल्यास ते संभाषण पुरावा म्हणून वापरताच येत नाही. मग आदेशात दिलेलं कारण वाचा. 'सार्वजनिक सुरक्षितता' एवढाच छापील शब्द असेल, तर ती तुमच्या जमेची बाजू.

कारण मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात, २२ ऑक्टोबर २०१९ रोजी, १० लाखांच्या लाचेच्या आरोपातले टॅपिंगचे आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. आधार होता खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये याच दिशेने निकाल दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र जून २०२५ मध्ये मोठ्या भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात टॅपिंग वैध धरलं. सरकारी वकील तो निकाल पुढे करतीलच. सर्वोच्च न्यायालय वेगळं सांगत नाही तोवर ठाण्याच्या न्यायालयावर मुंबईचाच निकाल बंधनकारक आहे.

प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६२ खाली डिस्चार्जचा (खटला सुरू होण्याआधीच दोषमुक्त करण्याचा) अर्ज द्यायचा असतो, म्हणजे तुमचा एक आठवडा गेलाच आहे. आदेश रद्द करून घ्यायला अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात स्वतंत्र रिट याचिका लागेल. आदेश रद्द झाला तरी गुन्हा आपोआप संपत नाही. सापळा, नोटा, साक्षीदार असा दुसरा पुरावा असेल तर खटला त्यावर चालू राहतो.

दरम्यान तो मोबाइल फॉरमॅट करू नका, चॅट पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचा ठपका आला तर जामीनही धोक्यात येईल.