गोव्यात जनआंदोलनं सरकारला निर्णय बदलायला कशी लावतात? नुसत्या घोषणांनी होतं का?

नुसत्या घोषणांनी नाही होत हो. रीजनल प्लॅन २०११, म्हणजे गोव्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा सरकारी आराखडा, त्याचंच बघा, "पर्यावरण वाचवा" एवढंच म्हटलं असतं तर लोक हो हो म्हणून घरी गेले असते, पण गोवा बचाव अभियानवाल्यांनी प्लॅनचे नकाशे गावागावात नेले आणि लोकांनी स्वतः बघितलं की आपल्या गावातलं शेत, आपला डोंगर सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे बांधकामाच्या पट्ट्यात, रंगवलाय, मग कोण गप्प बसणार! जानेवारी २००७ मध्ये सरकारला प्लॅन मागे घ्यावा लागला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी एसईझेडही, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रंही, रद्द झाली. माझ्या मते मेसेज तोच, जो माणसाला स्वतःच्या सातबाऱ्यापर्यंत, म्हणजे आपल्याकडे गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यापर्यंत, नेतो.

बाकी अर्धं काम संघटनेचं. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणासारख्या प्रकल्पांना विरोध झाला त्या वेळी विद्यार्थी, कलाकार, वकील सगळे आपापलं काम घेऊन आले, नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्री रेल्वे रुळावर बसले, आणि दुसरीकडे कोर्टात केस चालूच होती, मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. म्हणून सांगतो, मोर्चाच्या आधी ग्रामसभेला जा, ठराव लिहून घ्या, इतिवृत्ताची कॉपी मागा, ती कागदपत्रं पुढे खूप कामाला येतात.